पेटीवरून पियानोवर: जॅझ, पॉप, रेगे एकत्र ऐकायला आणि वाजवायला शिकताना

मांडीवर ताल धरायची सवय मला आत्यानं लावली. ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या आमच्या जुन्या घरात संध्याकाळी ती पेटी घेऊन बसायची, मी शेजारी, आणि माझी थाप चुकली की भाता न थांबवता नुसती माझ्या हाताकडं बघायची. पुढं कॉलेजात असताना पहिल्यांदा नीट कान देऊन रेगे, म्हणजे जमैकाचं संगीत, ऐकलं तेव्हा हात आपोआप मांडीवर गेला, केरवा धरला, समेवर थाप मारली आणि तिथं काहीच नव्हतं. ड्रम गप्प. मला वाटलं मीच आधी पोचले. परत मोजलं, परत तेच. दोन-तीन दिवस त्या एका गाण्यानं डोकं खाल्लं.

हे आधी सांगतेय कारण ग्वाल्हेरात आपल्या लोकांचं बहुतेक असंच होतं. पेटी येते, गाता येतं, तालाचं अंगात असतं, आणि मग पियानो वाजवून स्वतःची गाणी लिहिणाऱ्या एखाद्या कलाकाराचा अल्बम हाती लागतो, त्यात एक गाणं जॅझसारखं, एक सरळ पॉप, एकात अंतऱ्याला अचानक रेगे, ऐकायला फार आवडतं पण हातात येत नाही, कुठून धरायचं तेच कळत नाही. मी ज्या क्रमानं शिकले आणि आता दोन-चार मुलांना ज्या क्रमानं शिकवते तो इथं लिहितेय. नोटेशन वाचता येत नसलं तरी चालेल, सगळं सारेगममध्येच सांगणार आहे. रोज पंचवीस मिनिटं दिलीत तर दोन-तीन महिन्यांत स्वतःचं एक गाणं उभं राहतं.

आधी हे तिघं एकमेकांचे कोण लागतात ते

लोकांना वाटतं जॅझ एकीकडं, रेगे दुसरीकडं आणि कुणीतरी हौसेनं खिचडी केली. तसं नाहीये. १९५० च्या दशकात जमैकातले लोक न्यू ऑर्लिन्स आणि मायामीच्या रेडिओवरून अमेरिकन रिदम अँड ब्लूज ऐकायचे, आणि तिथल्या राजधानीतले, किंग्स्टनमधले, चांगले वादक जॅझ वाजवणारे होते. त्याच मंडळींनी साठ सालच्या आसपास स्का हा जलद ठेक्याचा प्रकार आणला, १९६६ च्या सुमाराला त्याची लय मंदावून रॉकस्टेडी झालं आणि १९६८ पर्यंत रेगे हे नाव पडलं. जॅकी मिटू हे नाव लक्षात ठेवा, की-बोर्डवाला माणूस, १९६४ च्या स्काटालाइट्स बँडमधला, त्याचे हात जॅझचे आणि ठेका जमैकाचा. म्हणजे हे एकाच घरातले आतेमामेभावंडं आहेत, लहानपणी वेगळे झाले आणि पियानोवाला त्यांना परत एका ताटाशी बसवतो.

आणि एक गोष्ट मला मनापासून आवडते. युनेस्कोच्या संगीताच्या शहरांच्या यादीत किंग्स्टन २०१५ मध्ये आलं आणि आपलं ग्वाल्हेर २०२३ मध्ये. मधल्या काळात, २०१८ ला, रेगे युनेस्कोच्याच मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत गेलं. तेव्हा आपल्या गावातल्या महाराज बाड्यापाशी राहणाऱ्या माणसानं रेगे वाजवणं यात परकं काही नाही, दोन गाणाऱ्या गावांची ही सोयरीक आहे असंच मी धरते.

ऐकणं: वाद्याला हात लावायच्या आधीचे दोन आठवडे

हे टाळू नका. सगळे टाळतात आणि मग चार महिन्यांनी म्हणतात की वाजतंय पण तसं वाटत नाही.

काय ऐकायचं? माँटी अलेक्झांडर, १९४४ चा किंग्स्टनचा जन्म, जॅझ पियानोवाला, त्यानं १९९९ मध्ये रेगेचा सगळ्यात गाजलेला गायक बॉब मार्ले याच्या गाण्यांचा अख्खा अल्बम पियानोवर केलाय, शिकणाऱ्याला याच्याइतकी उघडी वही दुसरी नाही. मग स्टीव्ही वंडरचा १९८० चा ‘हॉटर दॅन जुलै’, स्वतः की-बोर्डवर बसून गाणी लिहिणारा माणूस, आणि त्यातलं एक गाणं मार्लेला मानवंदना म्हणून रेगेत आहे, बाकीची नाहीत. इंग्लंडचा जो जॅक्सन, लंडनच्या रॉयल अकॅडमीत शिकलेला, १९७९ च्या त्याच्या पहिल्या अल्बमपासून पॉपमध्ये रेगेचा ठेका आणतो, १९८१ ला जुन्या स्विंगच्या, म्हणजे झुलत्या ठेक्याच्या जॅझच्या, गाण्यांचा अल्बम करतो आणि १९८२ च्या ‘नाइट अँड डे’ मध्ये गिटार जवळजवळ बाजूला ठेवून सगळं पियानोच्या जोरावर नेतो. आणि जॅझ-पॉपची मऊ बाजू हवी असेल तर पंडित रविशंकरांची मुलगी नोरा जोन्स, २००२ चा पहिला अल्बम. तिचा पियानो किती कमी स्वर वाजवतो ते मोजा. मोजाच खरंच.

ऐकायची पद्धत अशी. एकच गाणं घ्या आणि चार वेळा ऐका, दर वेळी एकाच माणसाच्या मागं जा. पहिल्यांदा फक्त ड्रम. दुसऱ्यांदा फक्त बेस, म्हणजे खालच्या सुरांचं गिटार, मोबाईलच्या स्पीकरवर बेस ऐकूच येत नाही म्हणून हेडफोन लावा, रेगेत तर बेस हेच दुसरं गाणं असतं, पुष्कळदा गायकापेक्षा जास्त गातो. तिसऱ्यांदा पियानोचा डावा हात. चौथ्यांदा शब्द. पाचव्यांदा काही न करता नुसतं ऐका, तेव्हा मजा येते.

आता ती हरवलेली सम. हे नीट वाचा, माझ्या मते सगळा लेख इथंच आहे.

केरवा आठ मात्रांचा, पहिलीवर सम, पाचवीवर खाली. त्या आठ मात्रांचे चार मोठे ठोके करा, दोन मात्रांचा एक ठोका. एक, दोन, तीन, चार. रेगेची जी सगळ्यात ओळखीची चाल आहे तिला वन ड्रॉप म्हणतात, मार्लेच्या वेलर्स बँडमधल्या कार्लटन बॅरेट या ड्रमरनं ती जगभर नेली. त्यात ड्रमचा मुख्य घाव, किक (पायानं वाजवायचा मोठा ढोल) आणि स्नेअर (काठीनं वाजवायचा कडक आवाजाचा) दोन्ही, पडतो तिसऱ्या ठोक्यावर. म्हणजे पाचवी मात्रा. म्हणजे जिथं आपली खाली तिथं त्यांचा भार, आणि जिथं आपली सम तिथं त्यांचा ड्रम काहीच वाजवत नाही. माझी थाप चुकत नव्हती, मी रिकाम्या जागी ती मारत होते. हे कळलं त्या दिवशी मी आत्याला फोन करून सांगितलं, ती म्हणाली, “अगं मग सम सोडलेली नाही त्यांनी, ती मनात धरलीय.” यापेक्षा चांगलं मला कुणी समजावलेलं नाही. (सगळं रेगे वन ड्रॉप नसतं, काहीत किक चारी ठोक्यांवर पडते, पण सुरुवात इथून करा.)

आणि दोन-चारचं काय? रेगेत गिटार किंवा पियानोचा तो तुटक ‘चॅक’ दुसऱ्या आणि चौथ्या ठोक्यावर. पॉपमध्ये स्नेअर दोन आणि चारवर. जॅझच्या स्विंगमध्ये ड्रमर पायानं जी झांज मिटतो, हाय-हॅट, ती दोन आणि चारवर. तिन्हींत घोडे वेगळे, पण रिकीब तीच, दोन आणि चार. म्हणून हे तीन प्रकार एका गाण्यात राहू शकतात. आपला हात मात्र जन्मापासून एक आणि तीनवर टाळी देतो, भजनात तेच बरोबर असतं, म्हणून दोन आठवडे फक्त हे करा: चालताना पाऊल एक आणि तीनला, चुटकी दोन आणि चारला. फूलबागपर्यंत जाऊन या, येताना चुटकी आपोआप पडायला लागते.

वाद्य कुठलं घ्यावं

पेटीला साधारण तीन-साडेतीन सप्तकं आणि डावा हात भात्यावर अडकलेला. पियानोला ८८ पट्ट्या, ५२ पांढऱ्या ३६ काळ्या, आणि डावा हात मोकळा. तो मोकळा झाला की काय करायचं हेच कळत नाही, त्याचं पुढं बघू.

लाकडी पियानोच्या भानगडीत नव्या माणसानं पडू नये, निदान आपल्या गावात तरी. मे महिन्यात ४५ च्या वर पारा आणि कोरडी लू, मग खोलीत कूलर लावला की एकदम दमट, मग जुलैत पाऊस. लाकूड सुकतं, फुगतं, सुकतं, पट्ट्या अडकतात, सूर उतरतात, आणि ट्यूनिंग करणारा माणूस बाहेरगावाहून बोलवावा लागतो. डिजिटल पियानो घ्या, ८८ पट्ट्यांचा आणि वेटेड, म्हणजे पट्टी दाबताना हातोडीचं वजन बोटाला लागतं असा. नवा साधारण ३५-४० हजारांच्या आसपास सुरू होतो, जुना निम्म्यात मिळू शकतो, तो घेताना सगळ्या ८८ पट्ट्या एकेक करून हळू आणि जोरात दाबून बघा.

मी पहिल्यांदा एका दुकानात गेले तेव्हा ६१ पट्ट्यांचा हलक्या पट्ट्यांचा की-बोर्ड “ताई, सेमच आहे, वर शंभर ताल फुकट” म्हणून गळ्यात घातला. सेम नसतो. त्या पट्ट्यांवर जोरात-हळूचा फरक बोटात येतच नाही, आणि रेगेचा ‘चॅक’ आणि जॅझचा हलका स्वर यांच्यातला सगळा फरक बोटाच्या वजनातच आहे. वर्ष वाया गेलं. घरात तसा की-बोर्ड असेलच तर टाकून देऊ नका, कॉर्ड शिकायला चालतो, बोटं बसवायला नाही.

सोबत सस्टेन पेडल, म्हणजे पायानं दाबून सूर लांबवायचं, घ्या, बरा हेडफोन घ्या. कूलरच्या झोतात ठेवू नका. लाइट जाते त्याचं काही करता येत नाही, त्या वेळी पेटी काढून सूर म्हणा.

डाव्या हाताची दोन बोटं

सा म्हणजे पांढरी एक धरा. पेटीवर आपण धून वाजवतो, म्हणजे एका वेळी एक स्वर, फार तर खाली षड्ज-पंचम धरून. पियानोवरची भाषा कॉर्डची आहे, तीन-चार स्वर एकदम. सा-ग-प मेजर, ग कोमल केला की मायनर. एवढं बहुतेकांना येतं.

जॅझ सुरू होतं चौथ्या स्वरापासून. हे तीन कॉर्ड पाठ करा, जगातली निम्मी जॅझ गाणी यांच्याच आधारानं चालतात:

रे-म-ध-सा
प-नि-रे-म
सा-ग-प-नि

याला तिकडं दोन-पाच-एक म्हणतात, कारण रे दुसरा, प पाचवा, सा पहिला. आता सगळे स्वर नका वाजवू. प्रत्येक कॉर्डचे फक्त दोनच, तिसरा आणि सातवा, म्हणजे पहिल्यातले म आणि सा, दुसऱ्यातले नि आणि म, तिसऱ्यातले ग आणि नि. डाव्या हाताची दोन बोटं म आणि वरच्या सा वर ठेवा. पुढच्या कॉर्डला म जागचा हलत नाही, सा अर्धा स्वर खाली सरकून नि होतो. त्याच्या पुढच्याला नि हलत नाही, म अर्धा स्वर खाली येऊन ग होतो. झालं. दर वेळी एक बोट थांबतं, एक अगदी शेजारच्या पट्टीवर सरकतं. हे पहिल्यांदा हाताखाली झालं तेव्हा मी एक तास तेच वाजवत बसले होते, चहा गार झाला. उजव्या हातानं काहीही न करता त्या दोन स्वरांत अख्खं गाणं ऐकू येतं.

मूळ स्वर कोण वाजवणार? बेसवाला. तो नसेल तर अधूनमधून डाव्या करंगळीनं खाली एकदा स्पर्श करा. बँडमध्ये वाजवायला लागलात तर खालच्या सप्तकातून डावा हात काढून घ्या, नाहीतर बेसचं आणि तुमचं मिळून चिखल होतो. नवे लोक हीच चूक सगळ्यात जास्त करतात.

हे तीन पट्ट्यांत, म्हणजे सा बदलून, करा: पांढरी एक, पांढरी चार, पांढरी पाच. बाकी नंतर.

पट्टी उचलायची कधी

रेगेचा तुटक कॉर्ड, त्याला स्कँक म्हणतात. मधल्या सप्तकात तीन स्वर, दोन आणि चारवर. सोपा दिसतो आणि कुणाचाच लवकर येत नाही, कारण आपण दाबण्याकडं लक्ष देतो, खरं काम पट्टी उचलण्यात आहे. तबल्यावर बंद बोल असतो ना, ‘त’ म्हणताना बोट चामड्यावर आवाज थांबवतं, तसं. दाबलं की लगेच सोडा, पण फटका मारू नका, मनगट सैल, हात पट्ट्यांच्या जवळच. पेडलवरून पाय काढून खाली ठेवा, अगदी जमिनीवर. पेडल दाबलेला स्कँक म्हणजे ओला फटाका.

मेट्रोनोमची, म्हणजे लयीचे टिक देणाऱ्या यंत्राची, एक युक्ती, जॅझवाले वापरतात आणि रेगेलाही लागू पडते. तो मिनिटाला ६० टिकवर लावा आणि त्याचा टिक म्हणजे एक नव्हे, टिक म्हणजे दोन आणि चार असं धरा. एक आणि तीन तुम्ही मनात म्हणायचे. पहिले दोन दिवस डोकं फिरतं, टिक परत परत ‘एक’ वाटायला लागतो. तसं झालं की थांबा, तोंडानं ‘एक’ म्हणा आणि टिकला ‘दोन’ म्हणत परत सुरू करा. जमलं की ७० ला न्या, रेगे तिथंच कुठंतरी आरामात चालतं.

स्कँक बसला की बबल करा. हे ऑर्गनवाल्यांचं काम, पेटीवाल्या माणसाला ऐकताच आवडेल. परत केरव्याच्या आठ मात्रा धरा: पहिली रिकामी, दुसरी डावा, तिसरी उजवा, चौथी डावा, पाचवी रिकामी, सहावी डावा, सातवी उजवा, आठवी डावा. उजवा हात म्हणजे तोच स्कँक, डावा त्याच्या आगेमागे हळूच पाणी उकळतंय तसा. ऑर्गनचा आवाज लावा, आवाज कमी ठेवा. ऐकणाऱ्याला वेगळा ओळखू येता कामा नये, पण बंद केला तर काहीतरी गेलं असं वाटलं पाहिजे.

स्विंगचं थोडक्यात: ठोक्याचे दोन भाग सारखे न करता पहिला लांब, दुसरा आखूड. एका ठोक्याचे तीन भाग करून दोन-एक असे वाटा, दादऱ्याच्या झोक्यासारखं होतं. लय फार वाढली की तो फरक कमी होत जातो. हे मोजून येत नाही, ऐकून आणि गुणगुणून येतं, म्हणून ते दोन आठवडे.

पॉपमध्ये उलट, पेडल हवं. पण कॉर्ड बदलताना पाय आधी नाही, कॉर्ड दाबला की पाय वर आणि लगेच खाली. पाय हातामागून येतो.

मींड नाही त्याचं काय

आपल्या घरातला हा जुना वाद आहे. ग्वाल्हेरच्या भैया गणपतरावांनी ठुमरीला पेटी लावून दाखवली, आणि तरी पुढं १९४० पासून कित्येक वर्षं आकाशवाणीवर पेटीला बंदी होती, कारण मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर सरकताना मधली जागा, तिला दाखवता येत नाही. पियानोचीही तीच अडचण. जॅझमधला तो रडवेला स्वर, ब्लू नोट, कोमल ग आणि शुद्ध ग यांच्या मध्ये कुठंतरी असतो, गायकाच्या गळ्यात तो सहज येतो, पियानोवर तशी पट्टीच नाही.

मग पियानोवाल्यांनी काय केलं? पांढरी एक मधला कोमल ग म्हणजे काळी दोन. त्यावर बोट ठेवायचं, वाजवायचं आणि तेच बोट न उचलता शेजारच्या पांढरी तीनवर, शुद्ध ग वर घसरू द्यायचं. काळी पट्टी उंच, पांढरी खाली, बोट उतारावरून घसरतं तसं येतं. दोन्ही स्वर इतके जवळ येतात की कान त्यांच्यामधला स्वर ऐकतो. दुसरं बोट वापरू नका, एकच. मी आत्याला हे करून दाखवलं, तिनं पेटीवर दहा मिनिटं करून पाहिलं आणि म्हणाली की कणस्वर आहे की हा. आहेच. आपल्या गळ्यात जे आहे ते इथं बोटांनी शोधायचं.

स्वतःचं गाणं

आता मिसळणं. नवा माणूस काय करतो, अंतरा रेगे, मुखडा पॉप, मध्ये जॅझ असे तीन तुकडे करून शिवतो आणि शिवण दिसते. दोन गोष्टी सांभाळल्या की दिसत नाही.

एक, दोन-चार कधीही सोडायचे नाहीत. रेगेच्या भागात ते पियानोकडं असतात, पॉपच्या भागात टाळी किंवा स्नेअरकडं, जॅझच्या भागात हाय-हॅटकडं. एकाच्या हातून दुसऱ्याच्या हाती जातात, पण गाण्यातून जात नाहीत.

दुसरं म्हणजे सांधा. रेगेच्या भागाला दोनच कॉर्ड घ्या, सा-ग-प आणि रे-म-ध, आळीपाळीनं, हवं तितका वेळ. पॉपच्या भागाला चार: सा-ग-प, प-नि-रे, ध-सा-ग, म-ध-सा. आता जॅझमध्ये शिरायचंय. रेगेमधल्या त्या रे-म-ध वर एक सा ठेवा. रे-म-ध-सा. हा आपल्या दोन-पाच-एकचा पहिलाच कॉर्ड. ऐकणाऱ्याला कळायच्या आत तुम्ही दुसऱ्या खोलीत. नवीन दार पाडावं लागत नाही, होतं तेच उघडायचं.

शब्द मराठीत लिहा. इंग्रजीची नक्कल केली की शब्द ठेक्यावर ओढाताण करतात. मला सगळ्यात उपयोगी पडला मोठ्या अभंगाचा साचा, सहा-सहा-सहा-चार अक्षरं, दुसऱ्या-तिसऱ्या चरणाचं यमक. शेवटचा चरण दोन अक्षरांनी आखूड असतो आणि ती मोकळी जागा स्कँकला मिळते. एका जूनमध्ये मी लिहिलेलं पहिलं असं होतं:

बाड्यावर ऊन, झोपही येईना
पाऊस होईना, अजूनही

‘अजूनही’ नंतर गाणं थांबतं आणि पियानो दोन वेळा चॅक-चॅक म्हणतो. समेवर शब्द सुरू करू नका, सम रिकामी ठेवून जरा मागून या. ठुमरी ऐकणाऱ्या माणसाला हे जमतं, बोल मागं-पुढं करण्याची सवय कानात असते.

पट्टी तुमच्या गळ्याची घ्या. बायकांना बहुधा काळी चार-पाच बरी पडते, पुरुषांना काळी एक-दोन. पियानोवर ट्रान्सपोजचं, म्हणजे पट्टी बदलायचं, बटण असतं, पहिल्या गाण्याला खुशाल वापरा, पुढच्या गाण्याला बोटांनी शिका.

तीन गाणी झाली की लोक त्यांना एका माळेत घालायला बघतात. तेव्हा एकच सांगते, प्रत्येक गाण्यात तिन्ही कोंबू नका. एक बरंचसं रेगे, एक बरंचसं जॅझ, एक पॉप, आणि चवीपुरतं एकात दुसरं. आमटीत गूळ असतो, पण गुळाची आमटी नसते.

रेकॉर्ड करताना

डिजिटल पियानोची यूएसबी वायर लॅपटॉपला जोडा. मॅक असेल तर गॅरेजबँड, नसेल तर बँडलॅब फुकट आहे. आधी मेट्रोनोमच्या क्लिकवर ड्रम बसवा, तिसऱ्या ठोक्यावर किक आणि स्नेअर, बारीक झांज चालू, बस. मग बेस, मग स्कँक, बबल, मग गाणं. उलटं करू नका. बेसच्या ओळीत मुद्दाम गाळलेल्या जागा ठेवा.

गाणं मोबाईलच्या माइकवर रेकॉर्ड केलं तरी पहिल्या वेळेला चालतं, फक्त कूलर आणि पंखा बंद, दाराला गोधडी, आणि लग्नसराईत रात्री साडेअकरानंतरच, नाहीतर रस्त्यावरची वरात तुमच्या जॅझमध्ये येते. तोंडापासून माइक एक वीत लांब.

पहिला टेक पुसायचा नाही. फाइलला तारीख घाला आणि ठेवा. महिन्याभरानं तोच टेक मेट्रोनोम दोन-चारवर लावून ऐका आणि फक्त स्कँक किती वेळा लांबला ते कागदावर रेघा मारून मोजा. माझ्या पहिल्या टेकमध्ये एकेचाळीस रेघा होत्या, दुसऱ्यात सतरा, त्यानंतर आत्यानं शेजारी बसून चुटक्या वाजवल्या, दोनला आणि चारला, तेव्हा सहा.